सातव्या लाटेनंतर

आदेलिनोदादा,

पॅरिसात तुला आपल्या नाझारेचा समुद्र टीव्हीवर दिसत असेल. ज्या लाटांना भिऊन तू गाव सोडलंस, त्यांच्यावर फळीवर उभं राहून स्वार व्हायला आता जगभरातून लोक येतात. माझ्या भाड्याच्या दोन्ही खोल्या हिवाळाभर भरलेल्या असतात. मीही सुखावले होते, खोटं कशाला बोलू.

पण आता माझी इल्दा तिथे जेट-स्की, ती पाण्यावरची स्कूटर, चालवते. लाटेवरून पडलेल्यांना फेसातून ओढून आणते.

काल म्हणाली, "आई, यंदा वॉकीटॉकी घेऊन तू दीपगृहापाशी उभी राहा. लाटा तुझ्याइतक्या नीट कुणी मोजत नाही."

"अगं, सात लाटा गेल्या की समुद्र जरा दम खातो, तेवढ्यात होड्या आत यायच्या. आम्ही माणसं परत आणायला मोजायचो."

"मग मलाही आण की परत."

दादा, आपल्या आईनंही बरोबरच मोजलं होतं. सात झाल्यावर तिनं शाल हलवून बाबांना आत बोलावलं, आणि आठवी आली, ती बाबांना घेऊनच गेली.

तरी मी हो म्हटलंय.

हे पत्र पेटीत टाकणार नाही. तू मला नको म्हणशील आणि मी तुझं ऐकेन. इल्दा मात्र जाईलच, दुसऱ्या कुणाच्या तरी मोजणीवर.

तुझी धाकटी,
देओलिंदा