लाल चिंधीची वाळकं

१५ सप्टेंबर, सोमवार

अकरा दिवस राहिले! सव्वीसला संस्थेचे अनिश सर येणार, माझ्या परसबागा बघणार आणि फॉर्मवर ‘योग्य’ नाहीतर ‘अयोग्य’ लिहिणार. ‘योग्य’ लिहिलं की सतरा नोव्हेंबरचं विमान — थेट आफ्रिकेत, मलावीला! वर्षभर तिथल्या खेड्यांत बायकांना परसबाग शिकवायची. विकतचं खत नाही, विकतचं बी नाही. आमच्या हुबळीतल्या नवनगरच्या गल्लीतून दुबईच्या पुढं अजून कुणी गेलेलं नाही.

त्याआधी ही तीन महिन्यांची परीक्षा. अळणावरजवळची ही वाडी, अकरा घरं, प्रत्येकाच्या मागं एक परडं. मी तानूमावशीकडं राहते. तिखट बाई! सून विमला माझ्याच वयाची, तिच्याशी जमतं. घरातले बाप्ये कामावर दांडेलीला, त्यामुळं राज्य बायकांचंच.

संस्थेनं लाल टी-शर्ट दिलाय, विमानतळावर घालायला. अजून घडीसुद्धा मोडलेली नाही. रोज एकदा बघते मात्र.

१८ सप्टेंबर, गुरुवार

आज ‘देशी बियाणं जपा’ हा धडा. रंगीत तक्ता लावला, घसा कोरडा होईपर्यंत बोलले. मधेच तानूमावशी म्हणाली, “हे तू आमास्नी सांगूलालीस गे?” — आणि सगळ्या फिदीफिदी हसल्या. मीही हसले, पण आतून अशी चिडले! तीन वर्षं डिप्लोमा काय झक मारायला केला?

विमला सासूला आत्ती म्हणते. नंतर मला म्हणाली, “मनावर घेऊ नको. आत्ती सगळ्यांनाच तसं बोलतात. मला तर रोज.”

२४ सप्टेंबर, बुधवार

मोठ्ठं काम उरकलं. तानूमावशी बाजाराला गेलेली, विमला तळ्यावर धुणं घेऊन. म्हटलं, परवा सर आधी हेच परडं बघणार, चकाचक करून टाकू.

वाळकाच्या वेलावर सात जून वाळकं लोंबत होती. काकडीच, पण हातभर लांब, पिवळीजर्द, साल तडकलेली. आणि प्रत्येकाच्या देठाला लाल चिंधी! नजर लागू नये म्हणून, दुसरं काय! आमच्या घरात लिंबू-मिरचीलासुद्धा थारा नाही. असलं काही दिसलं की पप्पा स्वतः ओढून टाकतात. मीही ओढून टाकल्या. आणि जून फळं ठेवली की वेल नवी फळं धरत नाही, हे तर पहिल्या वर्षालाच शिकवतात. सातही तोडली, म्हशीपुढं टाकली. कराकरा खाल्ली तिनं. परडं कसं लख्ख दिसतंय!

२५ सप्टेंबर, गुरुवार

मेले. मेलेच मी!

सकाळी मागून तानूमावशीची किंकाळी आली. साप निघाला वाटलं. पळत गेले तर ती वेलापाशी मटकन बसलेली, मुठीत एक लाल चिंधी. “माझी बियाची वाळकं! सात होती, सात!”

शेजारची चंद्रभागाअक्का धावत आली. तिच्याकडून कळलं. या वाडीत वाळकाचं बी दरवर्षी एकाच घरानं राखायचं. पाळी असते. बाकीच्या दहा घरांनी शेवटच्या फळापर्यंत खायचं आणि मृगाला पाळीच्या घरून बी न्यायचं. ज्यांची पाळी, त्यांनी चांगली फळं निवडून देठाला लाल चिंधी बांधायची. ती दिसली की पोरंटोरंसुद्धा हात लावत नाहीत. यंदा पाळी तानूमावशीची. मागचं बी सगळं पेरून संपलेलं. इतरांनी वेल कधीच उपटले, मेथी टाकली. हाही वेल वाळत आलाय, आता नवं फळ धरणार नाही. म्हणजे हे वाण या वाडीतून गेलं. संपलं! चंद्रभागाअक्का म्हणते, तिच्या सासूच्या सासूपासूनचं होतं.

आणि मी तक्ता लावून शिकवत होते.

तानूमावशी गर्रकन विमलाकडं वळली. “म्हशीला तूच घातलीस न्हवं? डोळे फुटले होते? चिंधी दिसली नाही?” विमलानं माझ्याकडं बघितलं. एकदाच. मग मान खाली घातली. मी तोंड उघडलं — खरंच उघडलं होतं — आणि मनात आलं, उद्या सर येणार.

तोंड मिटलं.

२६ सप्टेंबर, शुक्रवार

‘योग्य’.

‘स्थानिक वाण जपले का?’ या रकान्यात सरांनी माझ्यादेखत ‘होय’ लिहिलं. विमला चहा घेऊन आली. डोळे सुजलेले. सर म्हणाले, “छान चहा.”

२ ऑक्टोबर, गुरुवार. हुबळी

विजयादशमी म्हणून दोन दिवस घरी. विहारात गर्दी, सगळे पांढऱ्या कपड्यांत. आई भेटेल त्याला सांगत होती, “आमची आरुषी परदेशात चालली, शिकवायला!” धाकटा भाऊ धम्मपाल म्हणाला, “ताई, नखांत माती असली की विमानात घेत नाहीत म्हणे!” सगळे हसले.

पंचशील म्हणताना चौथ्या शीलापाशी माझा आवाजच फुटेना. खोटं बोलणार नाही, हे ते शील. पप्पांनी वळून बघितलं. घसा बसलाय म्हटलं. म्हणजे तिथंही खोटंच!

वाडीत काय चाललंय ते आईला कुठं माहीत! परवा चंद्रभागाअक्कानं सगळ्यांसमोर सांगितलं, “पुढं या घराला बियाची पाळी नको. सून बेजबाबदार.” तानूमावशी खाली मान घालून ऐकत बसली. अशी गप्प बसलेली मी तिला कधी बघितली नव्हती. विमलाशी तर ती बोलतच नाही. “तिला सांग, भाकरी झाली” — असं माझ्याकडून निरोप!

५ ऑक्टोबर, रविवार

कलघटगीला जाऊन आले. तानूमावशीची लेक सविता तिथं दिलेली. लग्नात बी नेलं असेल, या आशेवर. नेलं होतं. दोन वर्षं लावलंही. मग मागं सगळं सिमेंट केलं. “वाळूक काय, बाजारात मिळतंय की,” म्हणाली. चहा दिला, आग्रहानं पोहे खायला घातले. परतीच्या बसमध्ये रडू आवरेना. शेजारच्या बाईनं खिडकी दिली, तिला वाटलं गाडी लागलीय.

८ ऑक्टोबर, बुधवार

तळ्यावर विमलाच्या शेजारी जाऊन बसले. म्हटलं, “विमला, ती वाळकं —” ती कपडे आपटता आपटता म्हणाली, “माहीत आहे. मी वाटेत होते. तू टाकताना लांबून दिसलीस. पळत आले तवर म्हशीनं संपवलं होतं.”

“मग बोलली का नाहीस?”

“आदी तू बोलशील म्हणून थांबले.” तिनं लुगडं पिळून बाजूला ठेवलं. “मग वाटलं, हिचं विमान चुकंल. आपल्यातली एक बाई तरी विमानात बसूलालीय. माझं काय, मी हितंच. इरली बिडु, असू दे.”

असू दे म्हणते! मला थोबाडीत मारली असती तर बरं वाटलं असतं. इतकी लाज मला आयुष्यात वाटली नाही.

९ ऑक्टोबर, गुरुवार

सांगितलं. मारुतीच्या कट्ट्यावर, अकरा घरच्या बायका जमवून. “वाळकं मी तोडली. विमलाचा काही दोष नाही. मी गप्प बसले, कारण मला जायचं होतं.”

चंद्रभागाअक्का पदर सावरून उठली आणि चालायला लागली. एकेक करत सगळ्या गेल्या. शेवटी तानूमावशी उरली.

“चिंधी कशाला बांधली, एवढं विचारायचं होतं की गे,” म्हणाली. “तीन महिने तू सांगत होतीस. विचारलंस एकदा तरी काय?”

घरी गेल्यावर तिनं विमलाच्या ताटात स्वतः भाकरी वाढली. मला नाही वाढली. मी माझी घेतली.

१० ऑक्टोबर, शुक्रवार

सरांना फोन केला, सगळं सांगितलं. वाटलं, आता ‘अयोग्य’. तर म्हणतात, “अरे, हा तर उत्तम अनुभव! मलावीत पहिल्याच दिवशी हाच किस्सा सांग.” किस्सा! ‘होय’चं काय, विचारलं. “राहू दे गं, फॉर्म पुढं गेलाय.”

सुटले म्हणून आनंद व्हायला हवा होता. झाला नाही.

३ नोव्हेंबर, सोमवार. हुबळी

मुदत संपवून घरी येऊन अडीच आठवडे झाले. निघताना विमला फाट्यापर्यंत आली होती. तानूमावशी आली नव्हती. बॅग भरतेय. आईनं लाल टी-शर्टला इस्त्री केली.

८ नोव्हेंबर, शनिवार

विमलाचा फोन. उकिरड्यावर म्हशीच्या शेणातनं वाळकाची चार रोपं आलीत. चारच! थंडीत रोज पाणी घालून जगवायची. फळं पिकून बी हाताला लागायला फेब्रुवारी उजाडेल. मागून तानूमावशीचा आवाज आला — “तोडणारी ती, मग राखायचं कुणी? येताना चिंध्या घेऊन ये म्हणावं!”

सरांना कळवलं, सतराला माझी वाट बघू नका. आई मघापासून विचारतेय, इस्त्रीचा टी-शर्ट कुठं गेला म्हणून. चार पट्ट्या कापल्यात त्याच्या. सकाळी पहिल्या बसनं निघते.