नदीत उभं राहून बोललेलं

निपाणी, ता. ९ फेब्रुवारी १९४२

प्रिय शालू,

नमस्कार. वेदगंगेत, सगळ्या मंडळीसमोर तुझ्या वडिलांनी, अण्णांनी मला बाप्तिस्मा न देता परत फिरवलं, त्या घटकेला माझं सगळं बिनसलं. हे तुला आजवर कळवलं नाही.

तार मिळाली असेलच. काल सकाळी त्यांना मूठमाती दिली. शेजारच्या मालुबाईंनी लामाचं, गेल्या महायुद्धातलं पदक छातीवर ठेवलं होतं. मी काढून तुझ्या ट्रंकेत ठेवलंय. पाळक झाल्यापासून त्यांनी ते कधी लावलं नव्हतं.

तू मिरजेच्या दवाखान्यातल्या नोकरीवरून दोनदा पत्रात विचारलंस, निवृत्त झाले तरी बाप्तिस्म्याला मंडळी त्यांनाच बोलवते, मग अण्णा नदीत का उतरत नाहीत? मी लिहिलं, गुडघे दुखतात.

खोटं लिहिलं.

कॉलेज सोडून आलतो तुझ्यासाठी, तसाच पाण्यातही उतरलो. बुडवायच्या आधी त्यांनी हळूच विचारलं, "बाबगोंडा, शालू न्हाय म्हणाली असती तरी आला असतास काय रं?" मी पाण्यात बघू लागलो. "मग आज नको. जा, कपडे बदल." काठावर कुणीतरी हसलं. माझं डोकं फिरलं. ओरडलो, "मी मुंगी न मारणाऱ्या जैनाच्या घरातला! तुम्ही मेसोपोटेमियात निजलेल्या माणसाला गोळी घातलीसा, आणि मला शिकवता?"

ते त्यांनी मला एकट्याला विश्वासानं सांगितलं होतं, शालू. तुझ्या आईलाही कधी नाही. खाली मान घालून ते बाहेर आले, ते पुन्हा उतरले नाहीत. मंडळीला मात्र बजावलं, "शालूला कळवायचं न्हाय. पोरगं तापट हाय, वाईट न्हाय."

शेवटचे चार दिवस मी उशाशी होतो. पाय धरले, तर म्हणाले, "लई शाणा जैन तू! पाणी गाळून पितोस, बोलतोस मात्र न गाळता." हसता हसता खोकले. मग म्हणाले, "मी कवाच माफ केलंय. पण तिला तूच सांग. मी सांगितलं तर चहाडी हुईल."

ते असताना धीर झाला नाही. आज लिहितोय.

दुपारच्या मोटारीनं तू येशील. मी समोर असलो तर रडता रडता माफ करून टाकशील. तसली माफी मला नको. लग्नाच्या शब्दातून तू मोकळी. रडून झाल्यावर, राग येऊ दे, मग काय ते ठरव. मी बोरगावला मामाकडे आहे.

किल्ली मालुबाईंकडे देतो. पत्र अण्णांच्या खाटेवर ठेवतो. आता उठतो, बाहेर पडून दार ओढून घेतो.

'तुझा' लिहायला हात धजत नाही.

बाबगोंडा