धरून चालणे

दिल्ली, २८ सप्टेंबर २०२४

ती. अण्णांस साक्षीचा सविनय जय भीम, वि. वि.

कारखान्यातल्या प्रेस शॉपच्या धडधडीने तुमचे कान खाल्ल्यापासून फोनवर ओरडावं लागतं आणि अख्खं होस्टेल ऐकतं. त्यापेक्षा पत्रच बरं. यंदाही धम्मचक्र दिनाला येणं होत नाही. प्रबंधाचं तिसरं प्रकरण मॅडमनी पुन्हा परत दिलंय. कंटाळलेय मी.

एवढं काय लिहितेस, असं विचारलं होतंत. शंभर-शंभर वर्षांत देशाची वाढ कशी होते, त्याचं हे गणित. त्यात एक कुटुंब घेतात. ते कधी मरतच नाही, असं आम्ही धरून चालतो. मग दीर्घकाळात सगळं समतोलाला येतं. आईला सांगा, हसेल.

राग धरा, पण लोभ सोडू नका.

तुमची,
साक्षी

कुरुळी, ९ ऑक्टोबर २०२४

चि. साक्षीस अण्णाचा जय भीम व आशीर्वाद.

पत्र तुझ्या आईला वाचून दाखवलं. ती म्हणाली, न मरणारं कुटुंब कुठल्या गावचं हाय ते विचारा, सोयरीक जुळवून टाकू.

आमच्याकडंही सध्या धरून चालणंच आहे. तुझी आई मला धरून चालते, मी भिंतीला. समतोल काही येईना, तोल तेवढा जातो. मी कायमची फर्स्ट शिफ्ट मागून घेतली. दुपारपर्यंत शेजारच्या सरूबाई घरी बसतात. भाकरी मीच थापतो, नकाशे निघतात. दमायला होतं, बाकी ठीक.

खाली आईच्या नेहमीच्या दोन ओळी नाहीत. बोटं आखडलीत म्हणते. तू आधी प्रकरण पुरं कर.

माया आहेच, ती काय लिहायची.

तुझा,
अण्णा

दिल्ली, १६ ऑक्टोबर २०२४

ती. अण्णांस जय भीम.

तुमची कोटी मैत्रिणींना वाचून दाखवली, सगळ्या हसलो. मग जेवताना घास तोंडातच राहिला. अण्णा, तुम्ही कोटी करत नव्हता, आई खरंच तुम्हाला धरून चालते.

सरूबाईंना फोन लावला. महिना झाला, आईची उजवी बाजू लुळी पडलीय, आणि मला कळवायचं नाही म्हणून तुम्ही त्यांना शपथ घातलीय. मला तुमचा फार राग आलाय. रडूही आलं.

न मरणाऱ्या कुटुंबाचं ते वाक्य खोडायला बसले. खोडता येत नाही अण्णा, ते काढलं की पुढचं सगळं गणित कोसळतं. म्हणून ते तसंच ठेवलं आणि रविवारच्या गाडीचं तिकीट काढलं. मॅडमना सांगितलं, प्रकरण थांबेल.

भाकरीचे नकाशे मला चालतील. डावीकडून तुम्ही धरा आईला, उजवीकडून मी धरीन.

तुमची,
साक्षी