दोन फुटांच्या टाकीसाठी मासे

इंदिरानगर, नाशिक
दि. १७ नोव्हेंबर २०२४

चि. सौ. रूपाली हिला अनेक आशीर्वाद.

माझी प्रकृती बरी आहे. गुडघ्याचे दुखणे वयाला साजेसे आहे. तुझा मोबाइलवरचा निरोप मंगळवारी मिळाला. तेथे ऱ्हस्व-दीर्घाला कोणी वाली नाही, म्हणून उत्तर कागदावर देत आहे. निरोपात सहा चुका होत्या. त्यांविषयी आज लिहीत नाही.

आरोहीच्या आठव्या वाढदिवसाला दोन फुटांची टाकी घेणार, असे तू लिहिलेस. म्हणजे पाणी सुमारे पन्नास लिटर. तीत काय सोडू नये, ते आधी सांगतो. गोल्डफिश नको, तो फार वाढतो, पाणी घाण करतो व त्याला इतरांपेक्षा गार पाणी मानवते. टायगर बार्ब नको. तो लांब शेपटीच्या माशांच्या शेपट्या कुरतडतो. एंजल लहानपणी शालीन दिसतो आणि मोठा झाला की तोंडात मावेल तो मासा गिळतो. फायटर घ्यायचा तर एकटाच.

दुकानदाराच्या शब्दावर जाऊ नये. आमच्या कोपऱ्यावरचा म्हणाला, “आजोबा, सगळे मिळून राहतात, बिनधास्त न्या.” मी विचारले, मग तुमच्याकडे प्रत्येकाला वेगळी टाकी कशासाठी? तेव्हापासून तो माझ्याशी मोजके बोलतो.

तुम्ही गप्पी घ्यावेत, सहा, आणि सगळे नर. माद्या घेतल्यास तीन महिन्यांत टाकी पुरणार नाही. तळाशी वावरणारे कोरिडोरस पाच घ्यावेत. एकटा आणला तर तो कोपऱ्यात बसून राहतो. त्याआधी महिनाभर नुसत्या पाण्याची टाकी फिल्टर लावून, रोज खाद्याचे दोन दाणे टाकून चालू ठेवावी, म्हणजे घाण पचवणारे जिवाणू तयार होतात. मग मासे थोडे थोडे करून सोडावेत.

पाणी नळाचेच घ्यावे, क्लोरीन काढणारे थेंब घालून. पाण्याविषयी मला आणखी लिहायचे आहे.

तुझ्या निरोपाचा शेवट मी अनेकदा वाचला. “नाना, आरोही म्हणते खायला आईने घालायचं नाही, आई मासे मारते. माझ्या हातून मरणार नाहीत असे मासे सांगाल का?” या प्रश्नाचे उत्तर वरच्या यादीत नाही.

एकलहऱ्याच्या वीजकेंद्रात मी एकतीस वर्षे बॉयलरच्या पाण्याची शुद्धता सांभाळली. तुम्ही येथे राहत होतात तेव्हा आरोहीच्या टाकीतल्या बारा गप्पींना नळाचे पाणी द्यावे, हे मला पटत नव्हते. तीन वर्षांपूर्वी तू दोन दिवस माहेरी घोटीला गेलीस, तेव्हा मी टाकी रिकामी केली आणि इन्व्हर्टरच्या बॅटरीत घालतात ते डिस्टिल्ड वॉटर तीत भरले. पाच लिटरचे दहा कॅन लागले. मी काही वेगळे केले आहे असे वाटले नाही, म्हणून कोणाला सांगितलेही नाही.

तू परतलीस त्या सकाळी बाराही मासे वर तरंगत होते. मंगलाबाई तेव्हा आपल्याकडे आली होती. माझ्या त्या बहिणीसमोर मी म्हणालो, “हिला हात आवरत नाही. खायला घालून घालून मारले.” तू एवढेच म्हणालीस, “नाना, मी चिमूटभरच घालत होते.” आरोही दारात उभी होती.

दोन महिन्यांनी मी गच्चीवर दोन बरण्या ठेवल्या. एकीत नळाचे पाणी, दुसरीत डिस्टिल्ड. प्रत्येकीत दोन गप्पी. दुसऱ्या बरणीतले तिसऱ्या दिवशी मेले. तसल्या पाण्यात माशाच्या अंगातले क्षार टिकत नाहीत. बॉयलरला जे हवे ते जिवाला सोसत नाही, हे मला तेव्हा कळले. मी तारखेसह वहीत नोंद केली. तू खाली स्वयंपाकघरात होतीस. मध्ये सोळा पायऱ्या होत्या.

त्यानंतर तुम्ही आठ महिने याच घरात राहिलात. शेखरने पाथर्डी फाट्याला घर घेतले ते नोकरीच्या सोयीसाठी, असे मी लोकांना सांगतो. येथून ते रिक्षाने दहा मिनिटांवर आहे.

काल मंगलाबाईला फोन करून सारे सांगितले. ती म्हणाली, “दादा, आता कशाला उकरून काढतोस?” मी म्हटले, पोरगी आईच्या हाताला भिते, म्हणून.

आरोहीसाठी सोबत वेगळा कागद ठेवला आहे. तो तू वाचून दाखवू नयेस; तिला स्वतःला वाचता येतो. शेखरला हे पत्र दाखवावे की नाही, ते तू ठरव. तुला मला काही लिहावेसे वाटले नाही, तर त्याचे कारण मला विचारावे लागणार नाही.

गोटीराम


चि. आरोही,

तू पाच वर्षांची होतीस तेव्हा तुझे बारा मासे मेले. ते आईने मारले नाहीत. आजोबांनी टाकीत चुकीचे पाणी भरले, त्यामुळे ते मेले. आई त्यांना रोज बरोबर तेवढेच खायला घालत होती. आजोबांना हे पुढे कळले, तरी त्यांनी ते कोणाला सांगितले नाही.

हे वाचून झाले की आईकडे जा. मग हवे तर माझ्यावर राग धर.

तुझ्या आईवर खोटा आळ घेणारा,
तुझा आजोबा