यंदा छपरावर दगड नाहीत

धामणगाव बढे,
दि. ९ मार्च २०२५

तीर्थरूप आईंना सुचिताचा पाया पडून नमस्कार.

तुमचे गुडघे कसे आहेत? फोन केला की तुम्ही तो श्रद्धाताईंच्या हातात देता, म्हणून लिहायला बसले. तुमची नात ओवी बरी आहे. आता स्वतःची वेणी स्वतः घालते, भांग मात्र वाकडाच पडतो.

घराचं काम काढलं आहे. हो, पुन्हा टिनाचंच. शेजारचे जानरावकाका येऊन म्हणाले, "टिनापायी घरचा माणूस गेला अन् तू टिनंच आणून राह्यली? काऊन?"

मी म्हटलं, "काका, स्लॅब आपल्याच्यानं होत नाही, अन् भाड्याच्या खोलीत मले राहायचं नाही. टिनं पातळ होती अन् नुसती दगडांनी दाबलेली होती. यंदा तसं करत नाही."

खामगावला एकटीच गेले. दुकानदाराने रंगीत पत्रे पुढे केले. दिसायला छान, पण अंगठ्याने दाबलं की पत्रा आत बसायचा.

"वहिनी, सगळे हेच नेतात."

"नेऊ द्या. मले जाड नालीदार दाखवा, जस्ताचा थर चांगला असलेले."

कुरकुरत त्याने आतून काढून आणले. छपराला जाड घेतले, भिंतींना जरा हलके. पश्चिमेची भिंत मात्र छपराच्याच पत्र्यांची केली. वारा तिकडूनच येतो.

बसवायला मोताळ्याचा संघपाल आहे. खांब सिमेंटमध्ये गाडले, वर लोखंडी पाइप टाकले, आणि एकेक पत्रा पाइपाला हुकाने आवळतो. भोक नालीच्या उंचवट्यावरच पाडतो. खोलगट भागात पाडलं तर पाणी शिरतं.

काल काका पुन्हा आले. राग नव्हता. सवयीने भिंतीशी दगड जमवून ठेवले आणि म्हणाले, "हे वरती ठेवजो."

"एकही दगड वर चढणार नाही, काका," मी एवढ्या जोरात बोलले की संघपालने काम थांबवलं.

आई, वादळाच्या त्या संध्याकाळबद्दल आपण दोघी कधीच बोललो नाही. तेरवी झाली आणि तुम्ही लेकीकडे चिखलीला निघालात. एसटीत चढताना म्हणालात, "मीच माह्या लेकाले वर धाडलं." एसटी सुटली आणि सांगायचं राहून गेलं. आज सांगते.

तुम्ही आतून ओरडलात, "प्रेम, टिनावर दगड ठेव रे!" तेव्हा हे आधीच वर गेले होते. खाली शिडी मी धरली होती. मी म्हणत होते, उतरा. "उतरतोच, हा कोपरा उचलून राह्यला," म्हणाले. तेवढ्यात पत्रा उलटला आणि यांना घेऊनच खाली आला. तुमची हाक त्या वाऱ्यात मलाच जेमतेम ऐकू आली, त्यांच्यापर्यंत ती पोचलीच नाही. तुमच्या सांगण्यावरून ते गेले नाहीत, आई. ओवीच्या डोक्यावर हात ठेवून लिहिते.

आता तुम्ही हे ओझं खाली ठेवा. माझी आज्ञा समजा, हवं तर.

उद्या शेवटचा पत्रा बसेल. मी स्वतः वर चढून एकेक हुक ओढून पाहणार आहे. गुरुवारी चिखलीला येते. श्रद्धाताईंना सांगून ठेवलं आहे. नाही म्हणालात तर तिथेच बसून राहीन, पण एकटी परतणार नाही. मेमधलं वादळ यायचं तेव्हा येऊ दे. आपण तिघी दार लावून आत असू.

तुमच्याच घरातून,
सुचिता