मी लिहिलेलं घड्याळ

आई, तू गेलीस त्याला बरीच वर्षं झाली. सातपूरच्या घरी स्वयंपाकघराला लागून असलेली तुझी खोली, जिथे तू कॉम्प्युटरवर लग्नपत्रिका जुळवायचीस, ती आज आवरायला घेतली आणि तो शनिवार आठवला.

मी इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला, पुण्यात. तुझ्या वाढदिवसाला मी स्वतः लिहिलेलं एक घड्याळ, म्हणजे एक छोटा प्रोग्राम, तुझ्या कॉम्प्युटरवर टाकून दिलं होतं. चार वाजले की त्यावर 'आई, चहा' असं उमटायचं. पुढे काही महिन्यांनी मी घरी आलो, तर हरसूलचे एक काका मुलीच्या पत्रिकेसाठी खोळंबून बसलेत आणि तुझा माउस जागचा हलत नाहीये. "व्हायरस असंल ताई," काका म्हणतात. "मला शेवटची गाडी गाठायची हाय." मी ऐटीत पुढे होऊन मशीनच बंद करायला जातो, तर तू माझा हात धरतेस. "पत्रिका सेव्ह नाही केलेली. कोण अडवतंय ते आधी बघ तरी." कसाबसा टास्क मॅनेजर, म्हणजे चालू प्रोग्रामांची यादी, उघडतो. जवळजवळ सगळा प्रोसेसर एकट्यानं खात बसलेलं, सगळ्यात वर, माझंच घड्याळ.

माझे कान तापले. तू काकांना म्हणालीस, "माझ्या मुलानं केलंय ते. जरा खादाड आहे, एवढंच." मी घड्याळ बंद केलं, माउस सुटला, काका पत्रिका घेऊन गेले. मग कळलं, तुला हे आधीपासून ठाऊक होतं. कामाला बसताना तू ते बंद करायचीस आणि मी येणार असलो की पुन्हा लावायचीस. त्या दिवशी गडबडीत बंद करायचं राहिलं होतं.

"मग काढून का नाही टाकलंस?"

"दुरुस्त होईल की. शिकतोयस ना तू अजून?" म्हणालीस आणि पोहे भिजवायला गेलीस.

दुरुस्ती एका ओळीची निघाली. किती वाजले, हे ते घड्याळ जराही उसंत न घेता विचारत राहायचं. दर वेळी थोडं थांब, एवढंच त्याला सांगायचं राहिलं होतं.

आता हेच माझं पोटापाण्याचं काम. कुणाचा प्रोग्राम असा मोकाट सुटला की मला बोलावतात. तो लिहिणारा बाजूला अवघडून उभा असतो. मी त्याला आधी बसायला खुर्ची देतो.

हे पत्र कुठल्या पेटीत टाकणार? बाबांना वाचून दाखवावं म्हणून मघाशी उठून बाहेर गेलो. त्यांनी टीव्हीचा आवाज कमी केला, माझ्याकडे बघितलं. मी विचारलं, गोळ्या घेतल्या का, आणि परत आत आलो.