भिंगरीचं खातं

३ फेब्रुवारी
सगळं फिरलं ते आज दुपारी, बाबा लेथवर वजीर कातत होते तेव्हा. भिंगरी समोर बसून प्याद्यांच्या बुडाला कापड चिकटवत होती. कापड तिच्याच घरचं, वरच्या मजल्यावरच्या टेलरकाकांच्या, म्हणजे तिच्या बाबांच्या, चिंध्या. मान वर न करता म्हणाली, "काका, मला बाहेर ॲडमिशन मिळाली. महिनाअखेरीला पहिला हप्ता भरायचा. मग दोन वर्षं तिकडेच."
बाबांनी लेथ बंद केला! जेवायला हाक मारली तरी बंद न करणारा माणूस. भुशाने माखलेला हात तिच्या डोक्यावर ठेवला. "जा पोरी. गाजव."
मला कोणी काही विचारलं? मी खोक्यांना टेप लावत होतो. लावत राहिलो.

४ फेब्रुवारी
दोन वर्षं!

७ फेब्रुवारी
दाढीवाल्याची ऑर्डर आली. बुद्धिबळाचे बारा संच, परदेशातल्या कुठल्याशा क्लबसाठी. (फोटोत नुसती दाढीच दिसते, म्हणून दाढीवाला.) पैसे थेट बँकेत पाठवतो म्हणाला. नेहमीप्रमाणे भिंगरीच्या खात्याचा तपशील धाडला. माझं खातं आहे कुठे? मधल्या बँकेने कमिशन कापलं म्हणून गेल्या वर्षी मी मॅनेजरशी भांडलो आणि खातंच बंद करून आलो. तेव्हा हीच म्हणाली होती, "माझ्या खात्यावर घे, शहाण्या. पण बँकेचे फोन मला नकोत हं. नंबर तुझाच लाव."
आज माझ्या पाठीमागे उभी राहून वाचत होती. "नाव पासबुकात आहे तस्सं लिही. एक अक्षर इकडचं तिकडे झालं तर पैसे आल्या पावली परत." तिच्या केसांनाही आता पॉलिशचा वास येतो.
तिच्या हप्त्याचे पैसे त्याच खात्यात आहेत. टेलरकाकांनी दुसरं मशीन विकून भरलेले.

१५ फेब्रुवारी
बोललो. जिन्यात. "नको जाऊस."
हसली. चिडून हसली असती तरी चाललं असतं! लहान पोराला हसतात तशी हसली. "तू कॉलेज अर्ध्यात सोडलंस म्हणून मीही सोडू?" आणि वरच्या पायरीवरून — "आधी स्वतःचं एक खातं तरी उघड रे!"
मनात होतं ते सांगायचं राहूनच गेलं. आता नाही सांगणार. कधीच नाही.

१६ फेब्रुवारी
सकाळी बँकेचा फोन. दाढीवाल्याचे पैसे आलेत. बाईचा आवाज मधासारखा. "विद्यार्थिनीच्या खात्यावर परदेशातून एवढी मोठी रक्कम आलीय. कसली, ते सांगाल का? खात्याला हा नंबर दिलाय."
बुद्धिबळाचे संच. दोन शब्द. दरवेळी तेच सांगतो.
"मला काय माहीत? मी नाही ओळखत तिला."
"नक्की?"
"सांगितलं ना एकदा!"
रागाने फोन खोक्यावर आपटला. मग शीळ घालत बाराच्या बारा खोकी बांधली.

१८ फेब्रुवारी
खातं गोठवलं. चौकशी होईपर्यंत ना पैसा आत, ना बाहेर. भिंगरी भुशातच मटकन खाली बसली. "हप्ता आहे रे त्यात! बाबांचं मशीन आहे त्यात!"
मी म्हणालो, "बँकवाले असलेच. मी मागेच सांगत होतो."
रडली की तिचं नाक लाल होतं. आजवर पाहिलंच नव्हतं. पाठीवर हात ठेवला. तिने ठेवू दिला.
काय बरं वाटलं!

२१ फेब्रुवारी
रोज येते. जाणार कुठे? घरी टेलरकाका तिच्याशी बोलत नाहीत, इथे मी बोलतो. आज चक्क म्हणाली, "तू आहेस म्हणून." चार वेळा मनात म्हणून पाहिलं.
बाबा नुसते बघतात. "काय बॅरिस्टर, पोरगी रडतेय आणि तुझी कळी खुललीय?"

२३ फेब्रुवारी
बाबा तिला घेऊन बँकेत गेले. मी जातो म्हटलं. "तू बस. तू भांडशील."
परतल्यावर भिंगरी थेट वर गेली. बाबा लेथपाशी बसले, कातलं काहीच नाही. "चौकशीला महिना लागेल म्हणतात." मग माझ्याकडे वळून — "फोनवर कोणी मुलगा बोलला म्हणे. मी तिला ओळखत नाही म्हणाला."
"कोण मुलगा?"
"नंबर दाखवला त्यांनी. आपल्या खोक्यांवर छापलाय तोच."
शिव्या द्या, दोन थोबाडीत मारा! काही नाही. उठले, दिवा घालवला आणि गेले. मी आत बसलेला असताना.

२४ फेब्रुवारी
जिन्यात गाठलं तिला. "रागात बोलून गेलो गं."
"फोनवर रागात होतास. मान्य. आणि माझ्या पाठीवर हात ठेवलास, तेव्हा?"

२६ फेब्रुवारी
बँकेत गेलो. तीच बाई. म्हटलं, तो मीच, खोटं बोललो होतो.
"आणि आज खरं बोलताय कशावरून?" आवाज तसाच, मधासारखा.
भांडलो नाही. पहिल्यांदाच.
घरी टेलरकाका आलेले. बाबा त्यांना सांगत होते, "आमच्या घरातून बिघडलंय, आमच्या घरातूनच भरायचं." मी आत आलो तसे टेलरकाका उठून वर गेले.

२७ फेब्रुवारी
बाबांनी लेथ विकला. लाकडासकट. हप्ता सकाळीच भरून झाला.
न्यायला दोनच माणसं आली, तिसरा हात कमी पडत होता. एक टोक मी धरलं. त्यांच्यातला म्हातारा बाबांना म्हणाला, "मुलगा का तुमचा?"
बाबा भिंतीवरचा भुसा झाडत होते. झाडतच राहिले.
"मी नाही ओळखत ह्याला."
टेम्पोत लेथ चढवून दिला. ह्या वहीसाठी परत आत आलो, तर बाबा पाठमोरेच. बाहेर पडलो. दार ओढून घेतलं.